खोली स्वस्त, भात महाग: घांद्रुकच्या एका लॉजात दोन रात्री

दुसऱ्याच्या लॉजात शिरले की मी आधी पलंगाखाली वाकून बघते. खोड म्हणा नाहीतर धंदा. मालवणजवळ देवबागला पाहुण्यांसाठी आमच्या चार खोल्या आहेत, २००९ पासून. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि त्यात आम्ही. इतकी वर्षं लोकांच्या चादरी बदलल्या, त्यामुळे दुसऱ्याने घातलेली चादर दिसली की डोळे आपोआप कोपऱ्यांकडे जातात. घांद्रुकच्या त्या लॉजात पलंगाखाली एक चप्पल सापडली, लहान मुलाची, डाव्या पायाची. धूळ मात्र नव्हती. म्हणजे झाडू रोज फिरतो, आणि चप्पल कुणीतरी न्यायला येईल म्हणून ठेवलेली आहे. माझ्याकडेही असा एक डबा आहे. त्यात चार्जर आहेत, एक कानातलं आहे आणि एक कवळी आहे. कवळीवाले गृहस्थ गेल्या दिवाळीत येऊन गेले, अजून फोन नाही.

लॉजचं नाव देत नाही. मालकीणबाईंना विचारलं नव्हतं, आणि पुढे दोन-चार गोष्टी त्यांना आवडणार नाहीत अशा लिहिणार आहे. नेपाळात, अन्नपूर्णेच्या पायथ्याला, २,००० मीटर उंचीवरचं घांद्रुक हे गुरुंग लोकांचं गाव. तिथे दगडी पायऱ्यांच्या कडेने अशी कितीतरी लॉजं आहेत आणि बरीचशी एकमेकांसारखीच आहेत, तेव्हा कुठेही उतरलात तरी फार फरक पडू नये.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, शिमगा आटोपला आणि मुलांच्या वार्षिक परीक्षा जवळ आल्या. हे दिवस आमच्याकडे मोकळे. पर्यटक येतो तो परीक्षा संपल्यावर. मी, माझी नणंद, शेजारीण (तिच्याही तीन खोल्या आहेत) आणि पुण्याला नोकरी करणारी भाची अशा चौघी निघालो. सगळं भाचीने ठरवलं. तिने बजावलं होतं, विमानाने जायचं तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधार कार्ड तिथे चालत नाही. शेजारीण तरी आधारच घेऊन कुडाळ स्टेशनवर आली. तिचा मुलगा मोटारसायकलने मतदार कार्ड घेऊन मागोमाग आला आणि गाडी सुटायला सहा मिनिटं असताना पोचला. व्हिसा भारतीयांना लागतच नाही.

काठमांडू ते पोखरा रस्ता दोनशे किलोमीटर. आम्हाला साडेनऊ तास लागले. पृथ्वी राजमार्ग रुंद करण्याचं काम चाललेलं. धुळीत उभी वाहनं, मधेच जेसीबी, मधेच भुट्टेवाला. भाची वैतागली, आम्ही तिघी निवांत. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून बघणाऱ्या माणसाला असला रस्ता म्हणजे माहेर. पोखऱ्यात नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ दिसला. चीनच्या कर्जातून बांधला, १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, पण बाहेरदेशची विमानं फारशी उतरत नाहीत. शेजारीण म्हणाली, "ह्यो तर आमच्या चिपीचो भाव!" (भाव म्हणजे भाऊ.) चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला तेव्हा तिने खोल्यांना एसी बसवले होते. हप्ते नियमित येतात, विमानं नियमित येत नाहीत.

पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढावा लागतो. भारतासह सार्क देशांच्या लोकांना १,००० नेपाळी रुपये, इतरांना ३,०००. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे. म्हणून १,००० म्हणजे आपले ६२५. हे पैसे सरकारच्या मोठ्या तिजोरीत जाऊन हरवत नाहीत, ते त्या संरक्षण प्रकल्पाकडेच राहतात आणि त्याच भागात पायवाटा, शाळा, झाडं यांवर खर्च होतात. प्रकल्प १९८६ साली सुरू झाला, तोही घांद्रुकपासूनच. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या वाडीत पेढे वाटले होते. पुढचं नंतर सांगते.

जीप नयापूलपर्यंत बरी गेली, पुढे रस्ता कच्चा. जिथे जीप थांबते तिथून लॉजपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. नणंदेच्या गुडघ्यांनी चाळिसाव्या पायरीला हात टेकले. वरून खेचरांची रांग आली, गळ्यात घंटा, पाठीवर सिलिंडर. आम्ही भिंतीला चिकटून उभ्या. एक म्हातारी पाठीवर डोको घेऊन, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याने धरलेली बांबूची पाटी घेऊन, आम्हाला ओलांडून गेली आणि "बिस्तारै, बिस्तारै" म्हणाली. हळूहळू चला. ती आमच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठी होती.

खोलीबद्दल. दोघींना एक, भाडं १,६०० नेपाळी, म्हणजे आपले बरोबर हजार. दोन लाकडी पलंग, गाद्या कडक, जाड रजया. चादर स्वच्छ, उशीचा अभ्रा इस्त्रीचा नव्हता पण उन्हात वाळलेला होता, वासावरून कळतं. रजई मात्र दमट. भिंती प्लायवूडच्या, इतक्या पातळ की पलीकडच्या खोलीतल्या कोरियन जोडप्याचं भांडण आम्ही अख्खं ऐकलं आणि शेजारणीने भाषा न येता त्याचा निकालही दिला. संडास खोलीला जोडून, पण टाकीचा खटका तुटलेला, बादलीने पाणी घालायचं. गरम पाणी सूर्याच्या उष्णतेवर. पहिल्या दिवशी ढग होते, पाणी कोमट. तक्रार केली तर मालकीणबाई (त्यांना सगळे दिदीच म्हणतात) म्हणाल्या, "सूरज को बोलो." हसून म्हणाल्या म्हणून चाललं. माझ्या पाहुण्याला मी असं बोलले असते तर रात्रीपर्यंत एक तारा पडला असता मोबाईलवर.

आणि आरक्षणाचा घोळ. भाचीने डोंगर दिसणाऱ्या खोल्या फोनवर ठरवल्या होत्या, पैसे आधी दिले नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा त्या दुसऱ्याला दिलेल्या. आम्हाला मागच्या अंगाला, कोंबड्यांच्या खुराड्याच्या वर. दिदींनी माफी मागितली नाही, चहा दिला. चहाचे पैसे लावले नाहीत हे नंतर बिलावर कळलं. हजर असेल त्याला खोली, हा त्यांचा नियम. मला पटत नाही. फोनवर दिलेला शब्द हा शब्दच. पण चढून आलेला माणूस दारात उभा आणि फोनवरचा येईल की नाही ठाऊक नाही, तेव्हा मी काय केलं असतं? २०१८ च्या डिसेंबरात मी काय केलं होतं ते आठवलं आणि गप्प बसले.

पहाटे साडेपाचला दिदींनी स्वतः दार ठोठावलं. पुढच्या अंगणात या, म्हणाल्या. अंगणात फरशा ओल्या, थंडी दातांत. वर अन्नपूर्णा दक्षिण, शेजारी हिऊंचुली, आणि उजवीकडे सुटा उभा असलेला माछापुच्छ्रे. ६,९९३ मीटर. पवित्र मानतात, चढायला बंदी आहे. माछापुच्छ्रे म्हणजे माशाची शेपटी, दोन टोकांची. आधी शेंड्याला गुलाबी लागलं, मग हळूहळू खाली उतरलं. कुणी काही बोललं नाही. मग नणंद म्हणाली, "हंय येवन पन शेवटाक म्हावऱ्याचा शेपूटच!" मालवणच्या बायांना हिमालयानेही मासाच दाखवला. खाली उतरणीला गुराँसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, झाडं लालभडक फुललेली. मार्च-एप्रिलमध्ये जा म्हणतात ते यासाठीच.

आता जेवण, कारण माझ्या मते हे लॉज जेवणावर उभं आहे आणि जेवणावरच तारे मिळवतं. मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं, आठ पानी. पिझ्झा, स्पगेटी, स्प्रिंग रोल, लसणाचं सूप, काय वाटेल ते. आम्ही दालभात मागवला. ताक येणार नव्हतं, मासे येणार नव्हते. पितळी ताटात मधे भाताचा डोंगर, वाटीत काळ्या उडदाची डाळ वर तूप सोडलेली, रायोचा साग म्हणजे मोहरीची पालेभाजी, बटाटा, गुंद्रुक आणि टोमॅटोचं अचार. गुंद्रुक म्हणजे पालेभाजी आंबवून वाळवतात ती. शेजारणीने वास घेतला आणि डोळे मिटले, सुक्या बाजारात उभी असल्यासारखी. आंबट, जुनाट, चांगला.

अचाराला बोट लावलं आणि थांबले. जिभेला मुंग्या. ओळखीच्या मुंग्या. नणंदेकडे बघितलं, तिचं बोटही तोंडातच. "वयनी, तिरफळां!" म्हणाली. मी उठून थेट स्वयंपाकघरात. दिदींनी डबा काढून दाखवला: बारके, तपकिरी, फुटलेले दाणे. आमच्या तिरफळांपेक्षा लहान आणि वास लिंबाकडे झुकणारा. ते टिमूर म्हणतात. भाचीने मोबाईलवर शोधलं, एकाच कुळातली झाडं निघाली, सख्खी नाही पण चुलत भावंडं. बांगड्यात तिरफळ घालणारी बाई दोन हजार किलोमीटरवर चुलीपाशी उभी राहून टोमॅटोच्या चटणीत तेच हुंगते, ह्याला काय म्हणावं! त्या क्षणापासून मला पुढचं सगळं सोपं झालं. दुसऱ्या दिवशी ढिंडो केला त्यांनी, कोदोचा. कोदो म्हणजे आपली नाचणी. सकाळचा गुरुंग ब्रेड म्हणजे तळलेला फुगीर वडा, आमच्या कोंबडी-वड्यातल्या वड्याची थोरली बहीण, फक्त गव्हाची.

दालभात पुन्हा पुन्हा वाढतात. ताट रिकामं झालं की "भात थप्ने?" विचारत येतात. भात, डाळ, भाजी, हवं तितकं. एका ताटाचे ७२० नेपाळी, म्हणजे आपले साडेचारशे. शाकाहारी ताटाला साडेचारशे! शेजारीण म्हणाली, "आपण सुरमईचं ताट साडेतीनशेला देतो गो." तिथे माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला, तो रात्री झोपेपर्यंत थांबला नाही.

बिलाचा मागचा कागद घेऊन मांडलं. आम्हा चौघींच्या दोन खोल्या, ३,२००. रात्रीची चार ताटं, २,८८०. सकाळी ब्रेड आणि अंडं चौघींना, १,९२०. दिवसभरातले आठ चहा, ९६०. पिण्याच्या गरम पाण्याचा मोठा थर्मास, ४००. म्हणजे खोलीचे ३,२०० आणि पोटाचे ६,१६०. जवळजवळ दुप्पट. आमच्याकडे अगदी उलटं आहे. खोलीला मी अडीच हजार घेते, जेवण कसंबसं खर्च निघेल इतक्यात देते, आणि पाहुणा तरीही मालवणात जाऊन हॉटेलात जेवतो किंवा पार्सल मागवतो. मग खोली रिकामी की माझा महिना रिकामा.

दिदींना विचारलं. पंचेचाळीस-पन्नाशीच्या, हिंदी उत्तम. रात्रीची भांडी चालली होती, मीही बसले घासायला. त्यांना आधी आवडलं नाही, मग सरकून जागा दिली. म्हणाल्या, खोलीत काही सुटत नाही, चुलीवर सुटतं. खोली हा गळाला लावलेला आमिषाचा तुकडा. (ही उपमा माझी, त्यांची वेगळी होती, मक्याच्या दाण्याची.) म्हणून नियमच आहे: झोपायचं तिथेच जेवायचं. बाहेर जेवलात तर खोलीचं भाडं दुप्पट. हे दारामागे कागदावर लिहिलेलं असतं, आम्ही वाचलंच नव्हतं.

पण खरी गंमत मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर. खाली सही आणि शिक्का, लॉज व्यवस्थापन समितीचा. गावातले लॉजवाले मिळून दर ठरवतात आणि छापून घेतात. दालभाताचा दर शेजारच्या लॉजात तोच, त्याच्या वरच्या लॉजातही तोच. वर जसजसं चढावं तसतसा दर वाढतो, कारण सामान पाठीवरून जातं. ह्या गावातला दर ह्या गावात एक. कुणी गुपचूप कमी केला तर? दिदी म्हणाल्या, समिती बोलावते, दंड लावते. लागतो का खरंच? थोडं थांबून म्हणाल्या, खोलीच्या भाड्यात करतात लोक गडबड, जेवणाच्या दरात नाही. ट्रेकर संध्याकाळी दोन-चार लॉजांत फिरून खोली फुकट मागतो आणि मंदीत फुकट मिळतेही. ताटाला मात्र कुणी हात लावत नाही.

त्या पानाचा मी फोटो काढला. आमच्या वाडीतल्या आम्हा सगळ्यांची भांडणं त्या शिक्क्यात मावतील असं वाटलं. आमच्याकडे मे महिन्यात एकाने अडीच हजार सांगितले की दुसरा बावीसशे, तिसरा अठराशे. पाहुणा गाडी सुरू ठेवून तिघांना फोन लावतो. वर ऑनलाईन बुकिंगवाल्यांचं कमिशन. एका कंपनीला मी अठरा टक्के देते, आणि पाहुण्याने ऐनवेळी रद्द केलं की पैसे कुणाचे यावर तीन महिने ईमेल.

बायकांचा आमा समूहही बघितला, म्हणजे आयांचा गट. पायवाटा झाडतात, संध्याकाळी पाहुण्यांपुढे नाच करून देणगी गोळा करतात, पैसा गावकामाला जातो. नाचाच्या वेळी दोरीने ओढून आम्हालाही नाचवलं. हे आमच्याकडे अजिबात नाही असं नव्हे. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायका मांडवीच्या खाडीत होडीने कांदळवन फिरवून आणतात आणि फार नेटकं काम करतात. पण ते एक बेट आहे, सवय झालेली नाही.

भाचीने आणखी एक शोधून सांगितलं. नेपाळच्या २०१९ च्या परदेशी गुंतवणुकीच्या कायद्यात काही धंद्यांची यादी आहे ज्यात परक्याने पैसा घालायचा नाही. त्यात ट्रॅव्हल एजन्सी आहे, ट्रेकिंगचे गाईड आहेत आणि होमस्टेसकट ग्रामीण पर्यटन आहे. मोठं हॉटेल बांधा, पण दिदीच्या चुलीशेजारी चूल मांडायची नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या जमिनी कशा गेल्या हे मी सांगायला नको. मुंबई, पुणे, गोवा, दिल्ली, कुठूनही माणूस येतो, माडाची वाडी घेतो, पांढरा व्हिला बांधतो, आणि वाडीचा मूळ मालक तिथेच राखणदार होतो. आपल्याच देशातला आहे तेव्हा परका म्हणता येत नाही. तरी.

लगेच उड्या मारू नये. दिदींचे सासरे, ऐंशीच्या पुढचे, दिवसभर उन्हात स्टुलावर बसलेले. भारतीय फौजेत गोरखा पलटणीत होते. गावात त्यांना लाहुरे म्हणतात. पेन्शन अजून पोखऱ्यातल्या भारतीय पेन्शन कार्यालयातून घेतात, आणि पहिल्या तीन खोल्या त्याच पेन्शनीतून बांधल्या. मला हिंदीत विचारलं, कुठून आलात? महाराष्ट्र म्हणताच ताठ बसले आणि पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलमधल्या नर्सची आठवण सांगितली, ती इथे लिहीत नाही. नातू कुठे आहे? कोरियात. अग्निवीर भरतीची अग्निपथ योजना आल्यावर २०२२ पासून नेपाळने भारतीय फौजेतली भरती थांबवली आहे. म्हणजे जुना रस्ता बंद. नातू भाषेची परीक्षा देऊन कोरियाला गेला, दुसरा मलेशियात. इतक्या सुंदर गावातल्या, इतक्या चालत्या लॉजात वाढायला घरचं तरुण माणूस नाही. भांडी घासायला होती ती मुलगी तराईतली, पगारी. शिक्क्याने दर टिकतो, मुलगा टिकत नाही. माझा मुलगा मुंबईला आहे. ह्यावर आम्ही दोघी जास्त बोललो नाही.

मग गॅसवरून एक अवघड जागा आली. सिलिंडर किती महाग पडतो विचारलं तर म्हणाल्या, आता जीप येते म्हणून बरं, २०१५ मध्ये भूकंप झाला तेव्हा घांद्रुकला फार झळ बसली नाही, पण नंतर सीमेवर नाकाबंदी झाली आणि पाच महिने गॅस नाही, "आपके देश ने." भारत सरकार ते मान्य करत नाही, नेपाळी माणूस तसंच मानतो. मी ताट घासत राहिले. त्यांनीच विषय बदलला आणि मला वाळलेल्या मुळ्याची पिशवी दाखवली.

रस्त्याबद्दल त्यांचं मत दोन्हीकडून आहे. जीप आली, सामान स्वस्त झालं, आजारी माणूस दवाखान्यात पोचतो. पण पूर्वी चालत येणारा ट्रेकर इथे रात्र काढायचाच, आता तो जीपने पुढे निघून जातो. त्याऐवजी शनिवारी पोखऱ्याहून तरुण पोरं येतात, भाड्याने गुरुंगी कपडे घालून फोटो काढतात, चहा पितात, स्पीकर वाजवतात आणि संध्याकाळी खाली. शनिवारी आम्हीही ते बघितलं. गोव्याहून सकाळी येणारी, स्कूबा करून, डॉल्फिन बघून चारला परत फिरणारी बस माझ्या डोळ्यांपुढे आली. गर्दी वाढते, मुक्काम वाढत नाही. नेपाळात २०२४ मध्ये साडेअकरा लाखांच्या आसपास परदेशी पर्यटक आले, त्यात तीन लाखांहून जास्त भारतीय, आणि रस्त्याने येणारे भारतीय त्यात मोजलेलेच नाहीत. हे आकडे वर्तमानपत्रात छान दिसतात. दिदींच्या वहीत मात्र एकच आकडा असतो: आज रात्री किती ताटं.

पैशांचं सांगून टाकते, जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. आम्ही गेलो तेव्हा शंभरच्या वरची भारतीय नोट तिथे नेता येत नव्हती, म्हणून शंभराच्या नोटांची गड्डी न्यावी लागली. २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर चालतं. (हे फोनपे नेपाळी कंपनीचं, नाव आपल्यासारखं पण वेगळं.) पोखऱ्यात ते झकास चाललं. वर गावात नेटवर्क गेलं, भाची अंगणाच्या टोकाला जाऊन हात वर करून उभी, पैसे गेले की नाही कळेना, शेवटी रोख दिले. दोन दिवसांनी पहिलेही गेलेले आहेत असं दिसलं. भाचीने फोन केला तर दिदींनी लगेच कबूल केलं आणि पोखऱ्यातल्या भाच्याच्या हातून रोख परत पाठवले. ह्यासाठी अर्धा तारा जास्त.

एकूण पाचात साडेचार. दमट रजई आणि संडासाचा खटका यांचा अर्धा कापला, दिलेली खोली दुसऱ्याला दिली त्याचा अर्धा. गुडघे दुखत असतील तर जीप कितपत वर जाते ते आधी विचारून घ्या, आणि एकच रात्र राहू नका. पहिला दिवस दम खाण्यात जातो. पिझ्झा मागवू नका, शेजारच्या टेबलावर आलेला बघितला आहे.

परत आल्यावर मी आणि शेजारणीने वाडीतल्या सहा घरांची बैठक घातली. फोटो दाखवला. दोन तास भांडण झालं, चहा तीनदा झाला, आणि मे महिन्यासाठी खोलीचा एक दर ठरला: एसी २,२००, साधी १,५००, मासळीचं ताट ४००, त्याखाली कुणी यायचं नाही. शिक्का नव्हता म्हणून सगळ्यांनी एका वहीत सह्या केल्या. २४ एप्रिलला वही झाली. ३ मेला शेजारणीच्या मोबाईलवर दिसलं, एका घराने ऑनलाईन एसी खोली १,७५० ला टाकली आहे. ती तडक माझ्याकडे आली, मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. खोली माझी होती. मुलाने मुंबईत बसून 'उन्हाळी सवलत' नावाचं बटण दाबलं होतं, त्याला वहीचं कुणी सांगितलंच नव्हतं. दंड वहीत लिहिला नव्हता. मी सहाही घरांना एक दिवस बांगडे दिले.

निघताना दिदींनी टिमूरची पुडी दिली होती, वर्तमानपत्रात बांधलेली. बांगडे वाटले त्या दिवशी बांगड्याच्या तिखल्यात तिरफळांऐवजी तेच घातलं. आमचे हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, यंदाची तिरफळां कोणाकडसून आणलंस? मी म्हटलं, एका मैत्रिणीकडून.